उद्वेगाचे दोन अर्धे : गावातील आवाज आणि शेजारधर्म

शेजाऱ्याच्या ओट्यावरून, देवळाच्या शिखरावरून किंवा रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवरून येणारा आवाज कुठवर सोसावा आणि कुठून पुढे त्याला हरकत घ्यावी, हा प्रश्न खेड्यात बहुधा ग्रामपंचायतीच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारात जातो आणि तिथे तो वेळ, परवानगी आणि दंड यांच्या भाषेत मांडला जातो. परंतु ज्या गावात तक्रार करणाऱ्याला आणि ज्याच्यावर तक्रार झाली त्याला दुसऱ्या दिवशी एकाच विहिरीवर पाण्याची पाळी धरायची असते, एकाच सामाईक बांधावरून ये-जा करायची असते आणि कोणाच्या घरी मयत झाल्यास खांदाही द्यायचा असतो, तिथे दंडाची पावती फाटल्याने तंटा मिटत नाही. तो आवाजावरून उठून बांधावर, पाण्यावर किंवा पुढच्या निवडणुकीत जाऊन बसतो. त्यामुळे कायद्याच्या मागे असलेला धर्माचा प्रश्न, म्हणजे एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात राहणाऱ्या माणसांचे परस्परांशी कर्तव्य काय हा प्रश्न, स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

या तपासाला सर्वांत उपयोगी पडणारे स्थळ गीतेच्या बाराव्या अध्यायात आहे. भक्ताची लक्षणे सांगताना पंधराव्या श्लोकात एकाच वाक्यात दोन गोष्टी जोडल्या आहेत : अशा माणसामुळे लोकांना उद्वेग होत नाही, आणि लोकांमुळे त्यालाही उद्वेग होत नाही. उद्वेग या संज्ञेत रागापेक्षा अधिक काही सामावलेले आहे. स्वस्थ असलेले मन बाहेरच्या धक्क्याने जागचे हलणे आणि मग पुन्हा जागेवर न येणे, अशी ती अवस्था आहे. रात्री अकरा वाजता समोरच्या अंगणात वाजू लागलेल्या डॉल्बीमुळे (पश्चिम महाराष्ट्रात मोठ्या ध्वनियंत्रणेला सरसकट याच नावाने ओळखतात) पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत घरातील प्रत्येकाची जी स्थिती होते, तिला यापेक्षा नेमकी संज्ञा सापडणे कठीण आहे.

गावातला तंटा पेटतो तेव्हा या वाक्याचे दोन अर्धे चुकीच्या हातांत गेलेले असतात. आवाज करणारा शेजाऱ्याला दुसरा अर्धा ऐकवतो : वर्षातून एकदाचा कार्यक्रम आहे, देवाचे काम आहे, एवढेही सोसवत नसेल तर कसली भक्ती? ज्याला त्रास झाला तो पहिला अर्धा ऐकवतो : दुसऱ्याची झोप मोडून कसले पुण्य मिळते? दोघांचेही म्हणणे शास्त्राला धरूनच असते आणि तरीही दोघांची चूक एकच असते, कारण लक्षण हे स्वतःला लावून पाहण्यासाठी सांगितलेले असते; समोरच्यावर फेकले की त्याचे लक्षणपण जाते आणि उरतो तो आरोप.

तथापि, दोन्ही पक्षांनी आपापला अर्धा उचलावा एवढे सांगून थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही, कारण हे अर्धे समान वजनाचे नाहीत. ज्ञानेश्वरांनी या श्लोकावर भाष्य करताना समुद्राचा दृष्टांत घेतला आहे : समुद्राला कितीही भरते आले तरी जळचरांना त्याचे भय वाटत नाही, आणि जळचरांच्या वळवळीने समुद्रही कंटाळत नाही. या दृष्टांतात न घाबरवणे आणि न कंटाळणे ही दोन्ही कामे समुद्राकडे, म्हणजे दोघांपैकी जो मोठा आहे त्याच्याकडे, दिलेली आहेत. माशाने सोशिक व्हावे असे तिथे कुठेही सुचवलेले नाही. गावाच्या तंट्यात समुद्र कोण, हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्याचा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर आहे, ज्याच्या मागे मंडळ, भावकी किंवा पद आहे, तो समुद्र. म्हणून श्लोकातील दोन्ही मागण्या आधी त्याच्याकडे जातात, आणि त्याने पहिला अर्धा प्रामाणिकपणे पाळून पाहिल्यावरच शेजाऱ्याच्या सोशिकतेचा विषय काढण्याचा अधिकार कोणाला मिळतो.

ज्ञानेश्वरीच्याच तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत विवरण आहे, त्याने हा क्रम आणखी पक्का होतो. तिथे अहिंसा मारहाण टाळण्यापुरती ठेवलेली नाही. पाय कसा टाकावा, नजर कशी ठेवावी, हात कसा उचलावा आणि तोंडातून शब्द कसा निघावा, इथपर्यंत ती नेलेली आहे. असा माणूस बोलण्यापूर्वी विचार करतो की आपल्या बोलण्याने कोणाला टोचेल का, कोणाची चाललेली गोष्ट मध्येच मोडेल का, कोणी दचकेल का. सातशे वर्षांपूर्वीच्या या चिंतेत ध्वनिक्षेपक नाही, परंतु दचकणे आणि चाललेले बोलणे तुटणे या हानी स्पष्ट नोंदवलेल्या आहेत, आणि त्या हिंसेच्या सदरात घातलेल्या आहेत.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो वारकरी परंपरेच्या आतूनच येतो. आवाज कमी म्हणजे धर्म अधिक, असे समीकरण मांडले तर ते मनुस्मृतीतील जपाच्या क्रमवारीच्या जवळ जाते, जिथे मोठ्याने केलेल्या जपापेक्षा उपांशु, म्हणजे शेजारी बसलेल्यालाही ऐकू न येणारा ओठांतला जप, आणि त्याहून मानस, म्हणजे केवळ मनातला जप, श्रेष्ठ ठरवलेला आहे. मंत्र ज्यांच्या कानी पडू नयेत अशी व्यवस्था होती, त्यांच्यासाठी ही शांतता म्हणजे बंद दार होते. नामदेवादी संतांनी नाम वाळवंटात उभे राहून, टाळ-मृदंगाच्या घोषात मोकळेपणी घेतले, ते त्या दाराला दिलेले उत्तर होते. मोठ्याने म्हणणे हीच तिथे समतेची कृती होती. हा इतिहास विसरून जे शहाणे लोक गावातल्या भजनाला ‘गोंगाट’ म्हणतात, त्यांच्या नाकपुड्यांत बरेचदा ध्वनिप्रदूषणापेक्षा जुना असा एक वास भरलेला असतो.

परंतु हा आक्षेप मान्य केल्यानेच खरा भेद स्पष्ट होतो. गळा, वीणा, टाळ आणि पखवाज यांच्या कीर्तनाला निसर्गाने एक मर्यादा घातलेली होती : आवाज जिथवर पोहोचत असे, तिथवरचीच माणसे बहुधा श्रोते असत, आणि ज्याला नको असेल तो उठून जाऊ शकत असे. कर्ण्याने, म्हणजे लोखंडी भोंग्याने, सभा आणि आवाज यांचे हे नाते तोडले. मंडपात पंधरा माणसे काकड्याला बसलेली असतात आणि आवाज शिवारापलीकडच्या वस्तीवर पोहोचतो. त्यातही खेड्याची शांतता आवाजाच्या बाजूने काम करते : पार्श्वभूमीचा आवाज मुळातच कमी असल्यामुळे थोडीही भर ठळक जाणवते, आणि रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची हवा उबदार असते तेव्हा ध्वनिलहरी वर निघून जाण्याऐवजी पुन्हा खाली वळतात, म्हणून दिवसा न ऐकू येणारा भोंगा पहाटे उशाशी वाजल्यासारखा वाटतो. गाणाऱ्याचा भाव तोच असतो, कष्टही तेवढेच असतात. वाढते ती फक्त न बोलावलेल्या श्रोत्यांची संख्या. तेव्हा आवाज मोठा की लहान यापेक्षा, ऐकणाऱ्याला उठून जाण्याची वाट आहे का, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यालाही या प्रश्नाने छळले होते. केनिग्सबर्गमधील आपल्या घराजवळच्या तुरुंगात कैदी उच्चरवाने स्तोत्रे गात, म्हणून त्याने 1784 मध्ये नगरप्रमुखाकडे तक्रार केली होती, आणि पुढे 1790 च्या आपल्या सौंदर्यमीमांसेच्या ग्रंथात एका तळटीपेत त्याने असे निरीक्षण नोंदवले की घरगुती प्रार्थनेत मोठ्याने गाणारे लोक शेजाऱ्यापुढे दोनच पर्याय ठेवतात : त्यांच्यासोबत गावे किंवा स्वतःचा विचार सोडून द्यावा. कर्तव्याचा एवढा मोठा मीमांसकही शेजारच्या आवाजाने किती बेजार होतो, हे पाहून गावातल्या तक्रारदाराला थोडा धीर येण्यास हरकत नाही.

मुस्लिम परंपरेतही हा विवेक अपरिचित नाही. कुराणात लुकमानने मुलाला केलेल्या उपदेशात आवाज खालच्या पट्टीत ठेवण्याचे सांगितले आहे, आणि अन्यत्र प्रार्थना फार मोठ्यानेही नको व अगदी हळूही नको, मधला मार्ग धरावा, असा निर्देश आहे. काकडा आणि पहाटेची अजान यांवरून जिथे दोन वस्त्यांत धुसफूस असते, तिथे प्रत्येक वस्ती दुसरीच्या ग्रंथातील संयमाची स्थळे तोंडपाठ करून बसलेली दिसते. स्वतःच्या ग्रंथातली स्थळे वाचण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेत नाही.

गावात अर्थात सगळे आवाज पूजेचे नसतात. पिठाची गिरणी, मळणी यंत्र, गोठ्यातली हंबरणारी गाय, बांधलेले कुत्रे, दळप-कांडप आणि रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून मोटार सुरू करायला गाडीवरून जाणारा शेतकरी, असे जगण्याचे आवाज तिथे सतत असतात. यांचा न्याय कसा करावा, याबाबत जैन श्रावकाचारातील अनर्थदंड ही संज्ञा विशेष उपयोगी आहे. गृहस्थाच्या हातून उपजीविकेसाठी काही हिंसा होणारच हे तिथे गृहीत धरलेले आहे. परंतु ज्या हानीमागे कोणतेच प्रयोजन नाही, जी केवळ उधळपट्टीने, मौजेने किंवा बेफिकिरीने घडते, तिला अनर्थदंड म्हटले आहे आणि तिच्यापासून दूर राहणे हे गृहस्थाचे व्रत ठरवले आहे. मौखर्य, म्हणजे अकारण व बेताल बडबड, हा या व्रताचा एक अतिचार, म्हणजे दोष, मानला जातो. या कसोटीवर मळणी यंत्राचा खडखडाट आणि गळीत हंगामात मध्यरात्री उसाच्या ट्रॉल्या ओढत, गाण्यांचा दणदणाट करत गावातून जाणारा ट्रॅक्टर एका पंगतीत बसत नाहीत. ऊस कारखान्यावर पोहोचण्यासाठी इंजिनाचा आवाज लागतो, गाण्याचा लागत नाही. (चालकाला झोप येऊ नये म्हणून गाणी लागतात, हा युक्तिवाद खरा आहे, पण ती त्याच्या कानापुरती पुरतात, वाटेतल्या दहा गावांना जागे ठेवण्याची गरज नसते.) फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांनी दावा केला तेव्हा 2019 मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 2021 मध्ये तिथे ग्रामीण भागातील ध्वनी व गंध यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदा झाला. सुट्टीपुरते खेड्यात येऊन शेणाच्या वासाची तक्रार करणारे लोक आता महाराष्ट्रातही फार्महाउसांच्या रूपाने दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या बाबतीत अनर्थदंडाची कसोटी गावाच्या बाजूने कौल देईल.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे सोसण्याकडे, वळता येईल. तितिक्षा, अर्थात प्रतिकार किंवा विलाप न करता सहन करण्याची शक्ती, हा गुण सर्वच परंपरांनी वाखाणला आहे, आणि महाराष्ट्रात त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणून अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची कथा सांगितली जाते. या कथेचे बळ एकाच गोष्टीत आहे : एकनाथांना ते सोसणे कोणी लादलेले नव्हते. हीच कथा त्रास देणारा जेव्हा त्रास सोसणाऱ्याला सांगतो, तेव्हा तो स्वतः कथेतल्या कोणत्या पात्राच्या जागी उभा आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी विशुद्धिमग्गात प्रत्येक उदात्त भावनेचा एक जवळचा शत्रू सांगितला आहे, म्हणजे तिच्यासारखा दिसणारा आणि म्हणूनच अधिक फसवणारा विकार; उपेक्षेचा, म्हणजे समचित्ततेचा, जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेपर्वाई हा आहे. गावातल्या सोशिकतेला याखेरीज आणखी एक सोंग घेता येते आणि ते भीतीचे असते. सरपंचाच्या पुतण्याच्या वरातीविरुद्ध कोणी ब्र काढला नाही, याचा अर्थ गाव तितिक्षू आहे असा होत नाही.

भीतीचा विषय निघाल्यावर जातीला वळसा घालून जाता येत नाही. हलगी वाजवण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. ज्यांच्या वाजवण्याशिवाय गावदेवाची पालखी हलत नसे, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. त्यांनी गावासाठी केलेला आवाज मंगल होता, परंतु दलित नवरदेवाची वरात वाजतगाजत मुख्य रस्त्याने निघाली की तोच आवाज उपद्रव ठरत असे, आणि अशा वराती अडवल्याच्या घटना देशाच्या अनेक भागांत घडत आल्या आहेत. म्हणून उपद्रवाची तक्रार ही नेहमीच दुबळ्याचे शस्त्र असते असे समजणे भाबडेपणाचे आहे; आवाजाला हरकत घेणारा समुद्र असू शकतो आणि वाजवणारा जळचर. तक्रारीतला उद्वेग कानातून आला आहे की अहंकारातून, हे पाहण्याची एक साधी खूण आहे : तेवढाच आवाज स्वतःच्या भावकीच्या मांडवातून आला असता तर तक्रार झाली असती का?

कायद्याने या बाबतीत जे करायचे ते बऱ्याच अंशी करून ठेवले आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधील एका चर्चच्या प्रकरणात, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करण्याचा आदेश कोणताही धर्म देत नाही, अशी भूमिका घेतली. या नियमांनुसार पहाटे चारचा काकडा बेकायदा नाही, त्याचा भोंगा बेकायदा आहे. पूजा आणि यंत्र यांच्यातील हा फरक गावात समजावून सांगितला गेला, तर निम्म्या धार्मिक तंट्यांतला धर्म बाजूला निघून केवळ वायरिंगचा प्रश्न उरेल.

मात्र नियम लागू करायला बाहेरची यंत्रणा येते आणि निघून जाते, शेजारी तिथेच राहतो. म्हणून तंटा गावातच मिटवण्याची इच्छा जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांच्या वादांचा निर्णय सामंतांच्या, म्हणजे सभोवार राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या, साक्षीवर सोपवला आहे, आणि चूल, जाते, कांडप यांसारख्या गोष्टी शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर राखून असाव्यात असेही सांगितले आहे. मराठा काळात गोतसभा, म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि इतर गावकऱ्यांची सभा, निवाडे करीत असे. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू केलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम या परंपरेला आधुनिक रूप देऊ पाहणारी होती : ग्रामसभेने निवडलेली समिती, सामोपचार, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस. मोहिमेचा हेतू निर्विवाद चांगला होता, परंतु बक्षिसामुळे एक नैतिक अडचण उभी राहिली, ती अशी की तंटा मिटल्याची नोंद होणे आणि उद्वेग शमणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पंचांचे लक्ष साहजिकच पहिलीकडे लागते. ‘मिटवून घ्या’ हा सल्ला व्यवहारात बहुधा ज्याला मिटवून घेणे भाग आहे त्यालाच, म्हणजे दुबळ्याला, दिला जातो.

खऱ्या मध्यस्थाचे चित्र मज्झिम निकायातील चातुमा सुत्तात आढळते. नव्याने आलेल्या भिक्षूंनी मुक्कामाची मांडामांड करताना मोठा कोलाहल केला, तेव्हा बुद्धांनी त्यांना निघून जाण्यास सांगितले. चातुमा गावचे शाक्य मध्ये पडले. त्यांनी गोंगाट झालाच नाही असे म्हटले नाही, आणि बुद्धांना सहनशीलतेचा उपदेशही केला नाही. हे भिक्षू नवे आहेत, दर्शनाविना परतले तर त्यांचे मन पालटेल, एवढीच गोष्ट त्यांनी पुढे ठेवली. दोष मान्य करून दोषी माणसाची परिस्थिती दाखवणे, ही मध्यस्थी. गावातल्या पंचाने याच रीतीने भोंगेवाल्याला त्या घरातल्या आजाऱ्याची, दहावी-बारावीच्या मुलीची किंवा रातपाळीचे पाणी देऊन दिवसा झोपणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती सांगायची असते, आणि तक्रारदाराला सप्ताहासाठी वर्षभर वर्गणी साठवणाऱ्या मंडळाची. मग कर्ण्याचे तोंड वस्तीऐवजी मंडपाकडे वळवणे, हरिपाठ संपल्यावर यंत्र बंद करणे, वरातीची वेळ आधी घरोघर सांगून ठेवणे, अशा गोष्टी सुचू लागतात, ज्या कोणत्याही पोथीत नाहीत.

हे करताना हात वर करून बहुमत मोजणे टाळलेले बरे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीनेच निर्णय घेण्याची रीत पाडली आहे, आणि आवाजाच्या प्रश्नाला तीच लागू पडते. कारण गावातली नव्वद घरे भजनाला राजी आहेत या गोष्टीने एक्याण्णवाव्या घरातल्या माणसाला झोप लागत नाही. सहमतीची रीत वेळखाऊ आहे आणि एखादा हेकट माणूस तिचा गैरफायदाही घेऊ शकतो, परंतु बहुमताच्या रीतीत जळचराला बोलण्याची पाळीच येत नाही. शिवाय एकदा मिळालेली संमती कायमची धरता येत नाही. गेल्या वर्षी ज्या घराने डॉल्बीला हरकत घेतली नाही, तिथे यंदा बाळंतीण असू शकते किंवा हृदयविकाराचा रुग्ण, आणि दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत मान डोलावलेल्या माणसाला आज स्वतःहून ‘नको’ म्हणायला जाणे अवघड वाटते. जत्रेचा जमाखर्च ज्या बैठकीत दरवर्षी वाचून दाखवला जातो, त्याच बैठकीत भोंग्याच्या टप्प्यातल्या घरांना पुन्हा विचारण्याची प्रथा पडली, तर हे अवघडलेपण त्या घरांवर न राहता विचारणाऱ्या मंडळावर येईल.